दसऱ्याचं धुणं

गाडी घेतली तेव्हा पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली, गल्लीतल्या पोरांना एकेक चक्कर मारून आणली. पुढं हप्ता कापल्याचा मेसेज आला की तिची आठवण व्हायची, तेवढंच. फ्लॅटचंही तेच. हवं होतं, मिळालं, आणि आम्ही पुढच्या हव्याकडं वळलो.

मन भरलं म्हणावं तर ते गोधड्या धुताना. ऐकायला येड्यावाणी वाटेल.

लातूरकरांना २०१६ सांगायला नको. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले स्टेशनात मुक्कामाला होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हाच आला. आंघोळ परातीत बसून करायची, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासात. त्याच्या आदल्या वर्षी तर दसरा काढलाच नव्हता. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आमची रीत. सासूबाईंनी गोधड्या नुसत्या उन्हात टाकल्या, काठीनं बडवल्या आणि काही न बोलता घड्या घातल्या.

२०१६चा सप्टेंबर संपता संपता पाऊस असा कोसळला की धनेगावचं मांजरा धरण भरलं. गावाकडून दिराचा फोन आला, "वहिनी, पूर उतरलाय, नदी चांगली वाहायलीय. धुणं घेऊन या."

टेम्पोच केला. जावा, नणंद, मी, सगळ्या गुडघाभर पाण्यात. जुन्या लुगड्यांची गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशेनं पीळ द्यावा लागतो. पहिल्या पिळाला काळं पाणी निघालं, मग मळकट, मग नुसतंच नदीचं. तरी आम्ही परत बुडवत होतो. तांब्या मोजायचा नव्हता, खाली परात नव्हती, "बास करा" म्हणणारं कुणी नव्हतं. धाकटी जाऊ तर उगाच हसायली होती. कोपरापर्यंत हात भरून आले, पण बाहेर निघावंसं कुणालाच वाटेना.

सगळं आटोपलं तर सासूबाईंनी ट्रंकेतल्या पाहुण्यांच्या गोधड्या आणवल्या.

"आत्याबाई, ह्या तर कोऱ्याच हायत की!"

"असू दे गं. पाणी हाय तवर धू."

त्याही धुतल्या. वाळायला दोन दिवस लागले, आणि त्या रात्री पांघरायला घरात एक धड गोधडी नव्हती.