चिऱ्यातली पोळी आणि करवंट्यांचा खेळ

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या अंगणवाडीची मागची भिंत चिऱ्याची आहे. तिच्या एका फटीत डंख नसलेल्या बारीक काळ्या मधमाश्यांनी घर केलंय. बाहेर मेणा-डिंकाची बोटभर नळी येते, तेच त्यांचं दार. मधमाशी म्हटलं की पोरं किंचाळत पळत, म्हणून मी सुरुवात इथूनच करायची ठरवली. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेतली. उंच झाडावर उघडं लोंबणारं आग्या मोहोळ दिसलं की लांब राहायचं, दगड मारायचा नाही. आग्याची भीती मला मुलांच्या मनातून काढायची नव्हतीच.

नळीसमोर पोरं उकिडवी बसली. एका चिमुरडीने आईचा पदर धरावा तसा माझा पदर घट्ट धरला होता. "बाई, चावतली?" नाही म्हटलं, पण नळीला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, चिडल्या तर केसांत शिरतात. दाराच्या काठावर पहारेकरी माश्या तोंडं बाहेर काढून बसल्या होत्या. तेवढ्यात एक माशी आली, तिच्या मागच्या दोन्ही पायांना पिवळे गोळे. पदर सुटला. "बाई, हिच्या पायाक हळद लागली!"

मग हळदच घेतली. अंगणात करवंट्या मांडल्या, आत गुळाचं पाणी, काही करवंट्यांच्या काठाला हळद. पोरं गुणगुणत उडाली, बोट बुडवून चाटू लागली. खेळ रंगला तशी कोऱ्या करवंट्यांच्या काठांवरही पिवळी बोटं उमटली. हळद कोणी नेली? सगळे गप्प, मग एकदम आरडाओरडा. आलो गुळासाठी, पोचवली हळद!

वर माडाला पोय, म्हणजे फुलोरा, फुटली होती, ती दाखवली. उंच जातीच्या माडाच्या पोयीतली नरफुलं बहुतेक आधीच झडून जातात, मादीफुलं नंतर तयार होतात. त्यामुळे पराग, म्हणजे फुलातली ती हळदीसारखी पूड, दुसऱ्या माडावरून यावा लागतो. थोडा वारा आणतो, बाकीचं काम माश्यांचं. एवढं सगळं चार वर्षांच्या मुलाला सांगत बसू नये, असं माझं मत. त्यांना इतकंच सांगितलं, की माशी आली तर नारळ धरतो.

दुपारी न्यायला आलेल्या आजोबांना त्याच चिमुरडीने हात धरून भिंतीपाशी नेलं. पावसाआधी फटी सिमेंटने बुजवायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्यांनी वाकून नळी पाहिली आणि मला म्हणाले, "बाई, ह्यां भोक रवांदे. बाकीचे बुजवतंय."