ताटाबाहेरचं

आमची सई पोहे खाते. म्हणजे आधी पोह्यांची झडती घेते, मग खाते. अंगठा आणि शेजारचं बोट यांची चिमूट करून एकेक मोहरी उचलायची आणि ताटलीच्या काठावर नेऊन ठेवायची. कढीपत्ता त्याआधीच बाहेर पडलेला असतो. कोथिंबीर ओली असते, बोटाला चिकटते, तेवढ्यासाठी माझा शर्ट आहे. साडेतीन वर्षांच्या पोरीला इतकं बारीक काम जमतं हे बघून मला खरं तर कौतुकच वाटतं. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या कारखान्यात तयार माल तपासायच्या टेबलावर हिला बसवली तर एक खराब नग बाहेर जायचा नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष जातं आणि कौतुक ओसरतं.

सकाळ माझ्याकडे असते. बायकोची शाळा सकाळची, माझी पाळी दुपारची. त्यामुळे सईची न्याहारी आणि दुपारचं जेवण ही दोन्ही माझी खाती. आई घरात असते, पण तिनं पहिल्याच महिन्यात हात झटकले. "पोरगीच्या मागं किती लागूलालास? भूक लागली की मागंल की," म्हणाली आणि टीव्ही लावला. (आमच्या या 'लागूलालास'ला पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत.)

घर माळकऱ्यांचं. आप्पांनी माळ घातली तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यामुळे 'उकडून एक अंडं द्या, काम झालं' हा गल्लीतला सगळ्यात लोकप्रिय सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. जे काय व्हायचं ते भाजी, भाकरी, डाळी, दूध आणि दही यांतच. आणि भाजीच्या नावानं रडावं असं आमचं गाव नाही. बेळगावातून रोज भाजीच्या गाड्या भरून घाट उतरतात आणि गोव्यातली स्वयंपाकघरं चालतात. कोबी, फ्लॉवर, गाजर, बिन्स, ढबू मिरची, नवलकोल, सगळं आमच्या आजूबाजूच्या शिवारातलं. अख्खं गोवा जेवतं, आमच्या घरातली एक पोर जेवत नाही.

अंगणवाडीत जायला लागल्यावर तिनं घरी पहिले दोन कानडी शब्द आणले. 'बेडा' आणि 'साकु'. नको आणि पुरे. 'बेकु', म्हणजे पाहिजे, हा शब्दही तिथं रोज कानावर पडत असणार, पण तो अजून आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. मराठीतलं 'नको' आम्ही मनावर घेत नाही हे तिला कळलं असावं. दोडका वाढला की ती थेट कानडीत जाते. मान हलवत नाही, रडत नाही, सरकारी माणसासारखं शांतपणे सांगते, "बेडा."

सगळे उपाय करून झाले. बीट किसून गुलाबी पुऱ्या केल्या. पालक वाटून धिरड्यात घातला. चमचा विमानासारखा फिरवला, एकदा तर गाडीचा हॉर्न वाजवत घास भरवला, तेव्हा शेजारच्या काकू दारात येऊन बघून गेल्या. धिरडं पहिल्या दिवशी खपलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "ह्यात काय घातलंय?" त्यानंतरचे आठ-दहा दिवस साध्या पांढऱ्या इडलीचीही चौकशी झाली. तेव्हापासून लपवून घालायच्या युक्तीवरचा माझा विश्वास उडाला. समजा फसली, तरी तिला पालक आवडला असं थोडंच होतं? तिला धिरडं आवडलं. पालकाची आणि तिची ओळखच झाली नाही.

वजनाची काळजी वाटून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तक्ता काढून दाखवला. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, तीनाचं नऊ किलो. त्यानंतर वर्षाला दोन, फार तर अडीच किलो. म्हणजे वाढीचा वेगच उतरतो, मग भूक कशी चढती राहील? आणि साधारण याच वयात नव्या चवीची धास्ती सुरू होते. पोर चालायला लागलं, अंगणात जे दिसेल ते तोंडात घालायला लागलं, तर कडू लागेल ते थुंकून टाकण्यात त्याचा जीव वाचायचा. आमच्या मेथीच्या भाजीला थुंकण्यामागे एवढा जुना शहाणपणा असेल असं वाटलं नव्हतं. एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा नुसती समोर यावी लागते, तेव्हा कुठं मूल ती आपली म्हणतं. आम्ही दोडक्याला तीन वेळा बोलावून चौथ्या वेळी निकाल लावून टाकला होता.

जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्यांत आणि डाळींत नसतं, म्हणून अंडं नसलेल्या घरात दूध-दही चुकवायचं नाही. आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायचं तर सोबत आंबट काहीतरी हवं, लिंबू वगैरे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मटकीवर लिंबू मी काय शोभेला पिळते होय?"

एक कोडं मात्र त्याच सुमारास सुटलं. ही पोर दुधीला घाबरते, पण कारळ्याची चटणी खाते. काळी, कडवट, लसूण आणि मिरचीवाली चटणी, तेल घालून, भाकरीला फासून. मोठ्या माणसांनी नाक मुरडावं अशी चीज ही बोट चाटून संपवते. २००१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी काही बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला होता. त्यांची बाळं वरचं खायला लागली तेव्हा गाजराच्या चवीच्या पेजेला त्यांनी इतरांपेक्षा कमी तोंडं वाकडी केली. आईच्या ताटातली चव पोटातल्या पाण्यातून आणि पुढं दुधातून बाळापर्यंत पोचते. आमच्या घरी गाजराचा रस कुणी दिला नव्हता, पण बायकोचं माहेर संकेश्वरचं. नववा महिना लागल्यावर तिच्या आईनं पाठवलेल्या कारळ्याच्या चटणीचा डबा तिनं एकटीनं संपवला होता. भाताबरोबर, दह्याबरोबर, नुसती हातावर घेऊनसुद्धा. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मग दोडका तू खायचा होतास तेव्हा." माझ्या खाण्याचा काय संबंध, असं मी विचारणार होतो, पण दोडका मलाही आवडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

जानेवारीत एका मित्राच्या शेतावर गेलो, येळ्ळूरला. समोर राजहंसगड, खाली काळी जमीन. या पट्ट्यात पावसाळ्यात भात होतो, तो बेळगावी बासमतीसुद्धा, ज्याचा वास शिजताना गल्लीत कळायचा. भात कापला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. आम्ही गेलो तेव्हा वाटाण्याच्या शेंगा भरल्या होत्या. मी आणि मित्र बांधावर बसून शेताच्या आणि प्लॉटच्या भावांवर बोलत होतो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की सईचा आवाज नाही. बघतो तर वेलांच्या मध्ये उकिडवी बसलेली. शेंग ओढायची, दातानं टोक तोडायचं, अंगठ्यानं फोडायची, दाणे जिभेनं ओढून घ्यायचे आणि टरफल मागं टाकायचं. मागं टरफलांचा हा ढीग. हनुवटीवरून हिरवा रस चाललेला. मी जागचा हललो नाही. हललो असतो तर तिला मी दिसलो असतो, आणि मी दिसलो की तिला 'बेडा' आठवतो.

येताना दोन किलो शेंगा आणल्या, सोलल्या, खोबरं-आल्याचं वाटण लावून उसळ केली. वाटी समोर ठेवली. तिनं वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बेडा."

त्या रात्री पाळीवर मशीन चालू असताना हिशेब करत बसलो. शेतात वाटाणा चालतो. शनिवारच्या बाजारात भाजीवाली "तगो, तिन्नु" (घे, खा) म्हणत हातात गाजर देते, ते पोर घरी येईपर्यंत देठापर्यंत कुरतडते. अंगणवाडीत उप्पीट खाते, त्यात गाजर-बिन्स असतात आणि मोहरीसुद्धा असते. शेजारच्या घरी जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी खाऊन आली, तीच मेथी, जी घरी थुंकते. म्हणजे भाजीशी तिचं वैर नाहीच. वैर आहे ते आमच्या ताटाशी. ताट मांडलं की आम्ही चार माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसतो. एक घास गेला की आप्पा "शाब्बास" म्हणतात, नाही गेला की बायको माझ्याकडे बघते. चार जण तोंडाकडे टक लावून बसले तर माझ्याही घशाखाली घास उतरणार नाही.

मग मी ताट मांडायचं कमी केलं. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सोलून तिच्या हातात द्यायचा, लोणी लावून. भाजीची कढई मधोमध, ज्याला हवं त्यानं घ्यावं. मेथी निवडायला तिला शेजारी बसवायची. निवडताना चार पानं तोंडात जातात, पाच माझ्या चहात. दाण्याची चटणी तिच्यासमोरच कुटायची. अख्खे शेंगदाणे मात्र एवढ्या लहान पोरांना देत नाहीत, घशात अडकतात, म्हणून कूटच. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड. आप्पांना ते जमत नाही म्हणून ते हल्ली आमच्या आधी जेवतात.

दोडका अजून बाहेरच आहे. अकरा वेळा समोर येऊन गेला, मी कॅलेंडरवर खुणा करतो. बाराव्या वेळी नुसता वास घेतला. मसूरच्या आमटीत भात कालवून मात्र आता वाटीभर जातो, आणि मुख्य म्हणजे मी तो मोजत नाही. म्हणजे मोजतो, पण मनात.

मोहरीचं तसंच चालू होतं. एक दिवस ताटलीचा काठ रिकामा दिसला. खाल्ली की काय म्हणून मी हरखलो, तर ही परसात. फुटक्या कुंडीतल्या मातीत बोटानं भोक पाडून एकेक मोहरी आत ढकलत होती. वाटाणा मातीतून येतो हे शेतात बघितलेलं. फोडणीत तडतडलेली मोहरी काय उगवणार? मी सांगायला तोंड उघडलं तर आईनं डोळे वटारले. रात्री मी कामावरून आलो तेव्हा मोहरीचा डबा कट्ट्यावर होता आणि कुंडी ओली होती. आईला विचारलं नाही.

चौथ्या दिवशी कुंडीत कोंब. हृदयाच्या आकाराची जोडपानं, दाट, पोपटी. सईनं आधी सगळ्या घराला हात धरून आणून दाखवली. मग उकिडवी बसली आणि एक जुडी ओढून तोंडात घातली. मोहरीचा तो झणका नाकात गेला तसे डोळे मिटले, नाक चुरगळलं.

"तिकट हाय," म्हणाली, आणि दुसरी जुडी ओढली.

दुपारपर्यंत कुंडीत नुसती माती राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले. ताटलीच्या काठावर मोहरी ओळीनं मांडून झाली, तशी तिनं ती मुठीत घेतली आणि चपला न घालताच परसात पळाली. मागोमाग आई डबा घेऊन उठली.