माडांमागचा हवित्ता

आईनं बॅगेतली बुद्धमूर्ती काढून पुन्हा फळीवर ठेवली. मालदीवमध्ये पूजेची मूर्ती नेता येत नाही, हे तिला चारदा सांगून झालं होतं. "मंग तिथं राहशील कसा बापा?" म्हणाली आणि त्या जागी संत्राबर्फीचा डबा कोंबला.

मालेहून छोट्या विमानानं कद्धू (नागपूरकराला नावच पुरतं हसायला), तिथून रस्त्यानं लामू अटॉलमधलं (अटॉल म्हणजे कड्यासारखा बेटांचा समूह) गन बेट. मी गणिताचा मास्तर. शाळा रविवार ते गुरुवार. एरवी सकाळी टूना-खोबऱ्याचं मास हुनी आणि रोशी, म्हणजे आपली पोळीच. रमजानमध्ये मात्र दिवसा सगळं बंद. स्टाफरूमच्या कपाटाआड मी चोरासारखं पाणी पीत होतो, तेवढ्यात एक बाई आत आल्या. काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवून निघून गेल्या.

मुलांनी मला मोजायला शिकवलं : एके, दे, तिने. परकं असं काही वाटेचना. त्यांची थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची पहिली नऊ अक्षरं चक्क अरबी अंकांवरून आलीत. गणितवाला खूश!

एकदा आठवीतल्या पोरानं विचारलं, "सर, तुम्ही हिंदू?"

"नाही, बौद्ध."

वर्ग गप्प. तिथं दुसऱ्या धर्माचा प्रचार गुन्हा आहे, त्यामुळे मी मुकाट्यानं फळ्याकडे वळलो. संध्याकाळी तोच पोरगा सायकल घेऊन दारात. माडांमागे नेऊन त्यानं झुडपं माजलेला, पोवळ्याच्या दगडांचा ढिगारा दाखवला. हवित्ता. म्हणजे स्तूप! १९२०च्या दशकात बेल नावाच्या इंग्रजानं इथं खोदकाम केलं होतं.

आमच्या घरी धर्म बदलल्याची तारीख लहान पोरालाही पाठ : १४ ऑक्टोबर १९५६. आजोबा त्या गर्दीत होते. या पोरालाही त्याच्या देशाचं साल पाठ होतं : ११५३. तेव्हा राजानं बौद्ध धर्म सोडून इस्लाम स्वीकारला. मी मोबाईलवर दीक्षाभूमीचा फोटो दाखवला. घुमटापेक्षा दसऱ्याची गर्दीच तो मोठी करकरून पाहत राहिला.

"आत काय आहे?"

"पोकळ आहे. माणसं आत जातात."

त्यानं ढिगाऱ्यावर तळहात आपटून पाहिला. "हा भरीव आहे," म्हणाला आणि सायकल उचलली. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत घरी पोचायचं होतं त्याला.