साडेचार मीटर म्हणजे किती फूट?

नाशिकजवळच्या आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचे छोटेसे वाहतूक कार्यालय आहे. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, निफाड-पिंपळगाव भागातील पॅकहाउसमधून, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रांतून, न्हावाशेवा बंदराकडे जाणारे शीतकंटेनर हेच आमचे मुख्य काम असते. हे ४० फुटी कंटेनर ‘हाय क्यूब’ प्रकारचे, म्हणजे साडेनऊ फूट उंच असतात. नेहमीच्या कंटेनरपेक्षा बरोबर एक फूट जास्त. ट्रेलरचा तळ जमिनीपासून पाच फुटांवर धरला, तर एकूण उंची साडेचौदा फूट होते. २०२० साली बदललेल्या नियमांनुसार कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १४ फूट १० इंचांपर्यंत मुभा आहे, म्हणजे आमची गाडी कायद्यात बसते. पुलाखाली बसते का, हे मात्र कायदा सांगत नाही.

दोन हंगामांपूर्वी रस्त्याच्या कामामुळे वाहतूक एका रेल्वेपुलाखालून वळवली होती. पाटीवर ४.५ मीटर, म्हणजे १४ फूट ९ इंच उंची लिहिलेली होती. आमचा चालक भरलेला कंटेनर घेऊन तेथून सावकाश गेला, बंदरात माल उतरवला आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीसाठी रिकामा कंटेनर घेऊन त्याच पुलाखाली अडकला. त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होते. “दादा, काल हीच गाडी, हाच पूल, आरामात गेलो होतो!”

माझ्यासमोर नाना बसले होते. तीस वर्षे गाडी चालवून आता ते आमच्याकडे गाड्यांची देखरेख करतात. त्यांनी एवढेच विचारले, “काल भरलेली होती ना?”

वजन पडले की पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि गाडी बसते. वजन उतरले की तीच गाडी दोन-तीन इंच वर येते. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला होता, पण पाटी जुनीच होती. दोन इंच तेथे गेले आणि खरी उंची १४ फूट ७ इंच उरली. म्हणजे आदल्या दिवशी ज्याला आम्ही आराम समजलो तो एका इंचाचा होता आणि रिकामी गाडी एका इंचाने जास्त ठरली. टायरची हवा कमी करून ट्रेलर खाली बसवला, मागची वाहतूक थांबवून गाडी मागे घेतली. कंटेनरच्या छताला पोच आला आणि पॅकहाउसला दुसरा कंटेनर शोधावा लागला.

नानांच्या मते केबिनमधून पुलाकडे पाहून अंदाज बांधणे हाच मुळात चुकीचा प्रकार आहे. लांबून पूल नेहमीच ठेंगणा दिसतो आणि जवळ जावे तसा उंच होत जातो, त्यामुळे चार पूल घाबरत पार केलेला माणूस पाचव्याला घाबरत नाही. शिवाय कंटेनरचे छत चालकाला दिसतच नाही. रस्ता पुलाखाली खोलगट असेल, तर लांब ट्रेलरची पुढची चाके चढावर आणि मागची उतारावर असताना मधला भाग खोलगटावर पुलासारखा तरंगतो; तेवढी उंची पाटीवर कुठेच लिहिलेली नसते. दगडी कमानीखाली तर मध्यभागी मिळणारी उंची कडेला मिळत नाही. मोबाइलचा नकाशा गाडीची उंची विचारतही नाही. कांद्याच्या गोण्यांच्या काळात क्लीनर खाली उतरून, बाजूला उभा राहून, बांबू धरून गाडी काढत असे. गोण्या प्रवासात दबतात आणि ताडपत्री वाऱ्याने फुगते, म्हणून माप रस्सीच्या सर्वांत उंच गाठीपासून घ्यायचे, हा नानांचा दंडक होता. आता क्लीनरच उरले नाहीत.

पाट्या मीटरमध्ये आणि आमचे सगळे लोक फुटांत, ही वेगळीच अडचण. ३.२८ ने गुणण्याइतका वेळ चालत्या गाडीत कोणाकडे असतो? नाना तिनाने गुणतात. साडेचार मीटरचे साडेतेरा फूट होतात, म्हणजे तब्बल सव्वा फूट कमी. पण चूक गाडी वाचेल त्या बाजूची होते. मला हा हिशेब पटला, कारण मनात घाईने केलेल्या गणितात चूक होणारच असेल, तर ती कुठल्या बाजूला व्हावी हे आधीच ठरवून ठेवता येते.

तरुण चालकांना तो पटलेला नाही. या हिशेबाने आपण अर्ध्या पुलांखालून जाऊच शकणार नाही, असे ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. म्हणून आता कंटेनर ट्रेलरवर चढला की टेपने माप घेतले जाते आणि केबिनच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात खडूने दोन आकडे लिहिले जातात: भरलेली १४-६, रिकामी १४-८. पाटीचा आकडा तिनाने गुणूनही यापेक्षा जास्त भरला, तर गाडी न थांबता काढायची. कमी भरला, तर थांबून, उतरून मोजायचे किंवा वळसा घ्यायचा. वळशाचे डिझेल कार्यालयाच्या खात्यावर पडते आणि त्या बिलावर मी कारण न विचारता सही करतो.