नवव्या दिवशीची प्लेट

नव्या आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) हृदयाच्या स्नायुपेशी करायच्या होत्या. दर पेशीरेषेला औषधाची मात्रा वेगळी मानवते, म्हणून बारा घरांच्या प्लेटमध्ये ते औषध, सीएचआयआर ९९०२१, चार मात्रांत घातलं होतं: ६, ८, १० आणि १२ मायक्रोमोलर, प्रत्येकी तीन घरं. नवव्या दिवशी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ८ च्या तिन्ही घरांत पेशींचा अख्खा थर एका ठेक्यात आकसत होता. १० मध्ये तुरळक ठिपके धडधडत होते. १२ मध्ये थर सुटून तुकडे तरंगत होते, आणि ६ मध्ये न बदललेल्या मूळ आयपीएस पेशींच्या दाट वसाहती तशाच बसून होत्या. (प्लेट बाहेर थंड होते तसे ठोके मंदावतात, मोजायचे तर ३७ अंशांच्या तापत्या स्टेजवरच.)

सीएचआयआर पेशीतला विंट संदेश (पेशीने पुढे काय व्हायचं ते ठरवणारी एक रासायनिक साखळी) चालू करतं आणि पेशी मधल्या जननस्तराकडे, म्हणजे गर्भातल्या ज्या थरातून हृदय बनतं तिकडे, वळतात. २४ तासांनी ते काढायचं. तिसऱ्या दिवशी ५ मायक्रोमोलर आयडब्ल्यूपी-२ हे दुसरं औषध घालून तोच संदेश ४८ तास दाबायचा, म्हणजे त्या हृदयाच्या वाटेला लागतात. सातव्या दिवसापर्यंत पेशींच्या पोषक द्रवात घालायचं बी-२७ हे पूरक इन्सुलिनविरहितच हवं; सुरुवातीला इन्सुलिन मिळालं की हृदयपेशी होणं अडतं. औषध घालताना थर जवळपास भरलेला असावा. पेशी विरळ असतील तर योग्य मात्राही त्यांना मारते. पहिल्या २४ तासांत बऱ्याच पेशी मरून तरंगतातच, तेवढ्यावरून प्लेट टाकू नये.

धडधड दिसली म्हणजे पेशी शुद्ध झाल्या असं मात्र नाही. आकसणाऱ्या पेशी शेजारच्यांनाही ओढतात, त्यामुळे डोळा फसतो. ट्रोपोनिन टी हे हृदयस्नायूचं प्रथिन रंगवून फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) टक्केवारी बघावीच लागते. त्याआधी काही दिवस ग्लुकोज काढून ४ मिलिमोलर लॅक्टेट दिलं, तर हृदयपेशी तगतात आणि बाकीच्या उपाशी मरतात. हा टप्पा मी कधीच गाळणार नाही, कारण उरलेल्या मूळ पेशींतून टेराटोमाची, म्हणजे नाना प्रकारच्या ऊतींची, गाठ होऊ शकते.

अशी डिश पाहिलेले लोक हमखास विचारतात, मग हे रुग्णाच्या हृदयात का सोडत नाही? हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे शंभर कोटी स्नायुपेशी जाऊ शकतात, म्हणजे पेशी तितक्याच हव्यात. शिवाय डिशमधल्या पेशी गर्भातल्यासारख्या कोवळ्या असतात आणि स्वतःहून ठोके देतात. २०१४ साली भ्रूणीय मूलपेशींपासून केलेल्या मानवी हृदयपेशी माकडांच्या हृदयात घातल्या. त्या रुजल्या, हृदयाच्या तालात आल्या, पण तालात धोकादायक अनियमितताही दिसली.

अस्थिमज्जेतल्या पेशींची गोष्ट निराळी. त्या हृदयस्नायू बनत नाहीत. फायदा झालाच तर त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे होतो, आणि टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत नाहीशा होतात. तरी त्यांच्याच नावावर ‘हृदय नवं होईल’ असं सांगून पैसे घेतले जातात, याची चीड येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयविकारावर स्टेम सेल (मूलपेशी) फक्त मान्य चाचणीतच देता येतात. कुणी देऊ केल्या, तर आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.