मामाचं काय झालं असेल

ट्रेनमधली माझी एक मैत्रीण आहे, आठ वर्षं एकच डबा आणि एकच दरवाजा, तिने परवा घाटकोपर गेल्यावर सहज विचारलं, "अगं तुमच्यात बरं असतं ना, काहीही करा आणि येशूवर विश्वास आहे म्हटलं की डायरेक्ट स्वर्ग, आमच्यात मेलं कर्म सात जन्म पाठ सोडत नाही." मी नुसती हसले. तेवढ्यात कुर्ला आलं, बायका आत घुसल्या आणि विषय तिथेच चेंगरला. पण कुर्ला आलं म्हणूनच मला मामा आठवला आणि मग दिवसभर ऑफिसात लक्ष लागेना.

मामा दोन महिन्यांपूर्वी गेला. कुर्ल्याच्या चाळीत पहिल्या मजल्यावर खोली, आयुष्यभर गॅरेजमध्ये फिटर. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, पण चर्चला नाताळ सोडून पाऊल नाही. कारण विचारलं की म्हणायचा, तिथं उपासनेत आभाराची पाकिटं वाचून दाखवतात, अमक्याकडून पाचशे आणि तमक्याकडून हजार, मला माझं नाव ऐकायला लाज वाटते आणि नाही आलं तर राग येतो, त्यापेक्षा घरीच बरा. (हे खरं होतं की सकाळी झोपायची सोय होती ते प्रभूलाच माहीत.)

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीचं पाणी कुर्ल्यात कुठवर आलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मामा कमरेएवढ्या पाण्यात गॅरेजचा दोर घेऊन उतरला आणि अडकलेल्या बसमधली माणसं एकेक करून आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आणली, कोण कुठलं, कुठल्या जातीधर्माचं, काही विचारलं नाही. आम्ही मुलं नंतर कितीदा ती गोष्ट सांग म्हणून मागे लागायचो, पण तो विषय बदलायचा.

तर त्याला शिवडीच्या दफनभूमीत मूठमाती देताना पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, म्हणाले, आपला भाऊ मंडळीत नियमित नव्हता, आणि आपल्या चांगल्या कामांनी कोणाचं तारण (म्हणजे पापातून सुटका) होत नाही, तरी शेवटच्या क्षणी त्याने प्रभूला हाक मारली असेल अशी आशा आपण धरू या. शिकवण म्हणून एक शब्दही चुकीचा नव्हता. पण मामी खाली मान घालून उभी होती आणि मला वाटलं पुढे होऊन त्यांचा माइक काढून घ्यावा.

मी संडेस्कूलमध्ये वाढलेली मुलगी, बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय दोन, ओव्या आठ-नऊ मला झोपेत उठवून विचारा. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, ते देवाचं दान, कर्मांनी नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारायला जागा नाही. बक्षीस मिळालं होतं पाठ केल्याचं, स्टीलचा पेला. गंमत म्हणजे दहावी ओवी कोणी पाठ करून घेतलीच नाही, जिथे लगेच म्हटलंय की आपण सत्कृत्यं करावीत म्हणूनच देवाने आपल्याला घडवलंय. पेला नववीपर्यंतच होता.

ट्रेनमधल्या त्या बोलण्याच्या रात्री घरी येऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. त्यात पहिल्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिणारे दोघं आहेत, पौल आणि याकोब. पौल रोमकरांना लिहितो माणूस नियमशास्त्रातल्या (म्हणजे मोशेच्या नियमांतल्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, आणि याकोब अगदी उलट लिहितो की केवळ विश्वासाने नाही, क्रियांनी ठरतो. दोघंही साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहामच आणतात! पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला, चांदण्यांकडे बघून देवाचा शब्द खरा मानणारा अब्राहाम घेतो, तेव्हा तर त्याची सुंतासुद्धा झालेली नव्हती, आणि याकोब बावीसाव्यातला, मुलाला वेदीवर ठेवणारा. मूळ ग्रीकमध्ये दोघांचा शब्द एकच आहे, एर्गा, म्हणजे कामं. पण आमच्या घरातल्या मराठी शास्त्रात पौलाकडे तो 'कर्मे' होतो आणि याकोबाकडे 'क्रिया'. एवढी वर्षं वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्याने कोणी हे केलं त्याला मराठी माणसाचं मन कळत असणार, कारण कर्म म्हटलं की आपल्या डोक्यात हिशेबच येतो, केलेलं भोगायचं आणि जमा-खर्च, अगदी माझी ट्रेनवाली म्हणत होती तसंच. पौल त्या हिशेबाशीच भांडतोय, कारण गलतीया प्रांतात लोक नवीन विश्वासणाऱ्यांना सांगत होते की सुंता केल्याशिवाय तुम्ही पूर्ण नाही. आणि याकोबाच्या समोर वेगळीच माणसं आहेत, जी उघड्यानागड्या उपाशी भावाला म्हणतात सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा, आणि देत काहीच नाहीत. असा विश्वास तर भुतांचाही आहे म्हणतो तो, तीही मानतात देव एकच आहे आणि थरथरतात.

ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट झालो त्या मार्टिन ल्यूथरला हे याकोबाचं पत्र पचलं नाही, 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं, आणि रोमकरांतल्या त्या ओवीत 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला. म्हणजे 'केवळ विश्वासाने' हे शब्द मूळ शास्त्रात जिथे जोडून येतात ती जागा याकोबाचीच, आणि तीही 'नव्हे' म्हणायला. आम्हा प्रोटेस्टंटांना हे कोणी सांगत नाही.

बरं, आमच्या बिल्डिंगमधल्या कॅथलिक आंटी सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीला जातात आणि गुडघा दुखतो म्हणून मेणाचा पाय वाहतात, बुधवारी माहीमला नोव्हेनाच्या प्रार्थनेला. आमच्याकडे त्यांच्याबद्दल लहानपणापासून हेच ऐकलं की ते लोक कामांनी तारण विकत घेतात. म्हणून मी कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये काय ठरवलं ते शोधून वाचलं, तर तिथे लिहिलंय की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, ना विश्वास ना कामं, ती कृपा कमवू शकत नाही. मी दोनदा वाचलं. पुढे मतभेद आहेतच, कृपेत आल्यावर कामांनी वाढ होते का, पुण्य जमतं का वगैरे, ते खोटे नाहीत. पण 31 ऑक्टोबर 1999 ला लुथरन आणि कॅथलिकांनी जर्मनीत आउग्सबुर्गला एकत्र सही केली की तारण कृपेनेच, आपल्या लायकीने नाही, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांना लावते. आम्ही मेथडिस्ट, प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ, आमची जागतिक मंडळी 2006 मध्ये त्यात सामील झाली. आमच्या वेदीवरून ह्याबद्दल एक शब्द ऐकलेला मला तरी आठवत नाही.

मेथडिस्टांवरून आठवलं, आमचा पंथ ज्याने सुरू केला तो जॉन वेस्ली. माणूस ऑक्सफर्डला कैद्यांना भेटायचा, उपास करायचा, मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियाला जाऊन आला आणि तरी आतून रिकामा. 24 मे 1738 ला लंडनमध्ये कोणीतरी ल्यूथरची रोमकरांवरची प्रस्तावना वाचत होतं ती ऐकताना त्याच्या मनाला ऊब आली. मग काय तो घरी बसला? छे, त्यानंतर पन्नास वर्षं घोड्यावर.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात पंडिता रमाबाई. इंग्लंडमध्ये फुलहमला वाट चुकलेल्या बायकांना सिस्टर कशा मायेने सांभाळतात ते बघून त्यांचं मन हललं, म्हणजे आधी दुसऱ्याची क्रिया दिसली. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि तो मिळाल्यावर बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. आता ह्यात विश्वास कुठे संपला आणि काम कुठे सुरू झालं, दाखवा बघू मला.

मला काय खुपतं सांगू? आम्ही कामांनी तारण नाही म्हणतो आणि मग विश्वासालाच काम करून टाकतो. किती घट्ट धरला, किती रविवार भरले, शेवटच्या क्षणी हाक मारली का नाही, हीसुद्धा हजेरीच झाली की! येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराकडे दाखवायला काहीच नव्हतं, विश्वाससुद्धा दोन वाक्यांचा. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी, उजवीकडची मेंढरं, म्हणजे भुकेल्यांना जेवू घालणारी माणसं, बिचारी गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? त्यांना आठवतच नाही. आमच्या पाकिटांवर मात्र नाव, रक्कम, कारण.

मामाचं काय झालं हे मी ठरवू शकत नाही, पाळकसाहेबही नाहीत. ट्रेनवालीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं की आमच्यात कर्म सुटतं, क्रिया सुटत नाही. ती म्हणाली, म्हणजे काय गं? मग दादरपर्यंत मामाची गोष्ट सांगितली.

गेल्या आठवड्यात मामीकडे प्रार्थना ठेवली होती. दारात एक दाढीवाले काका आले, खजुराचा डबा घेऊन, म्हणाले मैं उस रात इधर ही था, मामा ने पाव खिलाया था. मामीला काही ओळख लागेना, तरी बस म्हणाली, चहा दिला. सगळे गेल्यावर भांडी विसळताना मी विचारलं, मामी, खरं सांग, मामा कधी प्रार्थना करायचा का गं?

"करायचा की," मामी म्हणाली. "त्या रात्री सारखा म्हणत होता, प्रभू, पाणी उतरव आणि ह्यांना घरी पाठव. एकोणीस माणसं आणि संडास एक."