स्नेकस्किन गप्पी: सहा महिन्यांनंतरचा अपडेट

घरी स्नेकस्किन जातीचे गप्पी मासे वाढवतोय, त्यांच्या अंगावर जाळीसारखी नक्षी असते. अखेर ती जाळी दिसली! सहा आठवड्यांच्या 14 नरांपैकी सगळ्यांच्या सगळ्या नरांच्या अंगावर सापाच्या कातडीसारखी बारीक नक्षी उमटलीय, काल टॉर्च लावून एकेकाला नीट बघितलं.

आधीचं थोडक्यात सांगतो. जोडी आणली तेव्हा मादीच्या पोटाचा काळा डाग चांगलाच गडद होता, म्हणजे ती आधीच गाभण, आणि गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते, त्यामुळे पहिल्या खेपेची पिल्लं भलत्याच नराची निघाली, जाळीचा पत्ताच नाही. जाम वाईट वाटलं. पण त्यातल्या माद्या मी ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यापासून रोज भिंगातून पोटाखालचा फिन बघायचो, नराचा लांबट टोकदार व्हायला लागतो, मादीचा पंख्यासारखा पसरट राहतो, जो टोकदार दिसला तो लगेच दुसऱ्या टाकीत. अशा पाच कोऱ्या (नराशी संबंध न आलेल्या) माद्या मोठ्या झाल्यावर स्नेकस्किन नर त्यांच्यात सोडला. ही जाळी वाय क्रोमोसोमवरून बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून आई साधी असूनही पोरं बापावर गेली. गप्पीत रंग असे नराकडून नराकडे जातात हे 1920 च्या सुमारास योहानेस श्मिट आणि ओयविंद विंगे या डॅनिश शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं.

मूळचा हा मासा त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना भागातला. 1859 मध्ये पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या माशांवरून त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि गप्पी हे नाव त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या लेचमेर गप्पींचं. मला सगळ्यात भारी वाटतो तो जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाचा प्रयोग. त्रिनिदादच्या ओढ्यात धबधब्याच्या खाली शिकारी मासे असतात तिथले नर फिके, वर शिकारी नाहीत तिथले भडक. 1976 मध्ये त्याने खालचे 200 गप्पी शिकारी मासे नसलेल्या ओढ्यात सोडले तर दोनेक वर्षांतच नर रंगीत व्हायला लागले! मॉस्को, टक्सीडो, फुल रेड, डंबो इअर सगळ्या जाती माणसाने निवडून काढल्या खऱ्या, पण रंगाचा कच्चा माल त्या ओढ्यांमधलाच.

आता अडचण शेपटीची. बापाची डेल्टा (त्रिकोणी शेपटी) मस्त रुंद, पोरांची अरुंद आणि कडेला फाटल्यासारखी, कारण शेपटीचा आकार फक्त बापावर ठरत नाही, आईकडूनही येतो. या खेपेच्या 11 माद्या वेगळ्या काढल्यात, तीन महिन्यांच्या झाल्या की त्यातल्या दोन परत म्हाताऱ्या नराकडे. तो अजून तरतरीत आहे, ब्राइन श्रिम्प (माशांना खायला देतात ती बारीक कोळंबी) टाकले की सगळ्यात आधी वर येतो.